शाळेची अकादमी झाली, मग सुधारलं काय? (इंग्लंड) – अनुभव लिहा

टेम्सकाठ
दुसऱ्या एका धाग्यावर हॅकनी डाउन्स शाळेचं नाव निघालं आणि जुनं सगळं आठवलं, म्हणून वेगळा धागा काढतेय. (अकादमी म्हणजे कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, कारभाराबाहेरची, सरकारी अनुदानावर ट्रस्टने चालवलेली शाळा.) १८७६ पासूनची ही मुलग्यांची शाळा. सरकारने नेमलेल्या मंडळाने १९९५ च्या डिसेंबरात ती बंद केली, तेव्हा वर्तमानपत्रं तिला देशातली सर्वांत वाईट शाळा म्हणत होती. त्याच जागेवर २००४ मध्ये मॉसबोर्न कम्युनिटी अकादमी उभी राहिली. क्लाइव्ह बोर्न प्रायोजक, मायकेल विल्शॉ मुख्याध्यापक, इमारत रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाची, लाकडी सांगाड्याची. २००९ मध्ये पहिली तुकडी जीसीएसईला (सोळाव्या वर्षीची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) बसली आणि ८० टक्क्यांहून जास्त मुलांना इंग्रजी-गणितासह पाच चांगल्या श्रेणी मिळाल्या. अकादमी केली की शाळा सुधारते असं म्हणणारा प्रत्येक जण तेव्हापासून हेच उदाहरण देतो.

पण मॉसबोर्नने पहिल्या वर्षी फक्त इयर ७ (अकरा वर्षांची मुलं, माध्यमिकचं पहिलं वर्ष) घेतलं. मग दरवर्षी एकेक इयर वाढवलं. जुनी मुलं नव्हती, जुने शिक्षक नव्हते, जुन्या सवयीही नव्हत्या. आपल्या आसपासच्या बहुतेक शाळांचं तसं नसतं. जुलैत जुनी शाळा कागदावर संपते, सप्टेंबरात तीच मुलं, तेच शिक्षक, तेच वर्ग, ब्लेझरवरचा बिल्ला तेवढा नवा. अशा शाळेत सुधारणा होते ती नेमकी कशाने? इथे शिक्षक, गव्हर्नर (शाळेच्या कारभार मंडळातले), शाळेच्या ऑफिसात काम करणारे बरेच आहेत. आतलं काम कसं चालतं ते लिहा. फक्त इंग्लंडचं, स्कॉटलंड-वेल्समध्ये अकादम्या नाहीतच.

अनघा_रेडिंग
वाचतेय. इयर ७ चा अर्ज भरायचाय, ३१ ऑक्टोबर जवळ आला. टाका सगळ्यांनी पटापट.

गणितमास्तर
शिस्त. आधी तीच, बाकी सगळं नंतर. आणि शिस्त म्हणजे ओरडणं नव्हे, यंत्रणा.

बिघडलेल्या शाळेत प्रत्येक शिक्षक स्वतःच्या डिटेन्शन (शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायची शिक्षा) स्वतः लावतो, स्वतः घेतो, मूल आलं नाही तर स्वतःच मागे लागतो. दोन आठवड्यांत तो दमतो आणि सोडून देतो. मुलांना हे बरोबर कळतं. चांगली ट्रस्ट आली की पहिल्या आठवड्यात हे काम शिक्षकाच्या हातून काढून घेते. शिक्षकाने फक्त संगणकावर नोंद करायची. डिटेन्शन त्याच दिवशी, एका हॉलमध्ये, सीनियर मंडळींच्या देखरेखीखाली. २०११ च्या शिक्षण कायद्यानंतर पालकांना २४ तास आधी कळवायची सक्ती राहिली नाही, म्हणून त्याच दिवशी घेता येतं. शिक्षा आणि चूक यांच्यात तीन दिवस गेले तर तिचा काही उपयोग नसतो, विशेषतः इयर ७-८ ला.

सकाळी मैदानात इयरप्रमाणे रांगा. तिथेच पेन, कॅल्क्युलेटर, टाय बघून घ्यायचं, नसेल तर तिथेच उसनं द्यायचं. म्हणजे पहिल्या तासाची दहा मिनिटं 'सर पेन नाही' मध्ये जात नाहीत. तास बदलताना प्रत्येक शिक्षक स्वतःच्या दारात उभा, एक पाय वर्गात एक कॉरिडॉरमध्ये. ऑन-कॉलला (वर्गात गडबड झाली की मदतीला धावणारा) दर तासाला नाव ठरलेलं, आणि बोलावल्यावर माणूस खरंच येतो.

बिघडतं कुठे? पहिल्या सहामाहीत सगळे जोरात असतात. ख्रिसमसनंतर सीनियर मंडळी मीटिंगांत अडकतात, हॉलवर दोनच माणसं उरतात, ऑन-कॉलला कोणी येत नाही. तिथून सगळं परत घसरतं. शाळा बघायला जाल तर ओपन ईव्हनिंगला जाऊ नका, फेब्रुवारीत चालू दिवशी वेळ मागून जा आणि तास बदलायच्या वेळेला कॉरिडॉरमध्ये उभे राहा.

मीनल_एल
मास्तर +१. फक्त एक भर. सस्पेन्शनचे आकडे पहिल्या वर्षी हमखास वाढतात. ते बघून घाबरायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खाली आले का ते बघायचं. तेवढेच राहिले किंवा चढले तर मुलं बदललेली नाहीत, नुसती बाहेर काढली जातायत.

सातारकर
इकडून (सातारा) एक प्रश्न. ही अकादमी म्हणजे आपल्या अनुदानित शाळेसारखंच ना? संस्था चालवते आणि पगार सरकार देतं?

खजिनदार
सातारकर, बऱ्यापैकी जवळ आहात. रयत शिक्षण संस्थेसारखी एक संस्था अनेक शाळा चालवते तशीच इथे मल्टी-अकादमी ट्रस्ट, आम्ही मॅट म्हणतो. फरक पैशाच्या वाटेत. आपल्याकडे मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार सरकारकडून ठरलेल्या वेतनश्रेणीत येतो. इथे शिक्षण खातं ट्रस्टला दरमहा एकरकमी अनुदान देतं, जनरल अ‍ॅन्युअल ग्रँट. त्यात किती शिक्षक ठेवायचे, कोणाला किती द्यायचं हे ट्रस्टने बघायचं. कौन्सिल मधून पूर्ण बाहेर. इंग्लंडमधल्या दर पाच माध्यमिक शाळांपैकी चारहून जास्त आता अशाच आहेत.

आता मूळ विषय. सुधारणेला पैसा लागतो आणि तो कुठून येतो हे कोणी नीट सांगत नाही. अकादमीला दर मुलामागे जास्त पैसे मिळतात हा गैरसमज आहे. सूत्र तेच. ग्रँट आदल्या ऑक्टोबरच्या पटावर ठरते, म्हणजे पट वाढत असेल तर वर्षभर जास्तीची मुलं जुन्याच पैशात शिकवायची. बदनाम शाळेची खरी अडचण ही. पट पडला की पैसे पडतात, पैसे पडले की शिक्षक जातात, शिक्षक गेले की पट आणखी पडतो.

हे चक्र अकादमी होताना एका जागी तुटू शकतं. शाळा नापास होऊन प्रायोजक ट्रस्टकडे गेली तर जुनी तूट कौन्सिलकडेच राहते, नवीन शाळा कोऱ्या पाटीने सुरू होते. शाळा आपणहून अकादमी झाली तर मात्र तूट तिच्यासोबत ट्रस्टमध्ये येते. सपोर्ट स्टाफच्या स्थानिक पेन्शन योजनेची देणी दोन्हीकडे ट्रस्टच्या डोक्यावर. जमीन बहुतेक वेळा कौन्सिलकडून १२५ वर्षांच्या लीजवर, नाममात्र भाड्याने.

छप्पर गळतंय? पाच किंवा जास्त शाळा आणि ३,००० च्या वर मुलं असलेल्या ट्रस्टला दुरुस्तीचा निधी थेट वाटून मिळतो. लहान ट्रस्टला किंवा एकट्या अकादमीला दरवर्षी बोली लावून अर्ज करावा लागतो, मिळेल याची खात्री नाही. शाळा मोठ्या ट्रस्टमध्ये जातात त्याचं हे एक अगदी साधं कारण.

बदल्यात ट्रस्ट प्रत्येक शाळेच्या ग्रँटमधला वाटा मध्यवर्ती कामासाठी कापून घेते. बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास. त्यातून पगारपत्रक, एचआर, आयटी, कायदा, शाळासुधारणेची माणसं. हे बघायला कुठे हात पसरायची गरज नाही. ट्रस्टचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, ऑडिट केलेले हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत खात्याला आणि जानेवारीअखेर वेबसाइटवर. त्यात 'सेंट्रल सर्व्हिसेस' नावाची टीप शोधा, कोणत्या शाळेकडून किती घेतले ते पौंडात छापलेलं असतं. पुढे ६०,००० पौंडांवरचे पगार किती जणांना तेही. आणि 'रिलेटेड पार्टी' टीप वाचाच, म्हणजे ट्रस्टींच्या ओळखीच्या कंपन्यांकडून काय खरेदी झाली ते.

सातारकर
धन्यवाद, एवढं तपशिलात कोणी सांगत नाही. आमच्याकडे महापालिकेच्या काही शाळा अशा बाहेरच्या संस्था चालवतात, पुण्या-मुंबईत आकांक्षा फाउंडेशन.

खजिनदार
हो, ते याच्या आणखी जवळचं. इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं.

शुभा_एमके
अवांतर : नवीन ट्रस्टने युनिफॉर्म बदलला तर जुना ब्लेझर चालतो का कोणाकडे? एकदम दोन मुलांचा खर्च आहे.

मीनल_एल
शुभा, लेखी विचार त्यांना. २०२१ च्या कायद्यानंतर युनिफॉर्मचा खर्च कमी ठेवण्याचे सरकारी नियम अकादमीलाही बंधनकारक आहेत, आणि जुने कपडे मिळायची सोय शाळेने वेबसाइटवर सांगायलाच हवी. चांगली ट्रस्ट नाव बदलताना पहिला ब्लेझर आणि टाय फुकट देते, निदान वर्षभर जुना चालू देते. दोन मुलांचं एकदम जड पडतं ग, नक्की विचार, पीटीएकडे (पालक-शिक्षक संघ) पण जुने ब्लेझर असतात.

इंग्रजीबाई
शिस्तीवर मास्तर बोलले. मी वाचनावर.

इयर ७ ला आल्या आल्या सगळ्यांची रीडिंग एज चाचणी, म्हणजे मूल कितव्या वयाच्या पातळीवर वाचतं ते. बिघडलेल्या शाळेत अकरा वर्षांची कितीतरी मुलं आठ-नऊच्या पातळीवर निघतात. त्यांना इतिहासाचं पानच वाचता येत नाही. मग ती वर्गात दंगा करतात, कारण दंगा केला तर निदान वाचायला सांगत नाहीत. दंग्याचा मोठा भाग असा वाचनाचा प्रश्न असतो. हे वेळेत ओळखणारी ट्रस्ट पुढे जाते.

उपाय ठरलेले आहेत, अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत. सगळ्यात मागे असलेल्यांना फोनिक्स (अक्षर आणि त्याचा आवाज जोडून वाचणं) पुन्हा पहिल्यापासून, चार-पाच जणांच्या गटात, आठवड्यातून तीन-चारदा, शिकवलेल्या माणसाकडून. मधल्यांना ओघ, म्हणजे तोच उतारा पुन्हापुन्हा मोठ्याने. आणि सगळ्यांना ट्यूटर टाइममध्ये रोज वीस मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचायचं, मुलांनी पट्टी धरून ओळ पकडायची. दर टर्मला पुन्हा चाचणी, पातळीवर आलेलं मूल गटातून बाहेर.

काय चुकतं : मुलांना नेमकं ड्रामा नाहीतर पीईच्या तासातून उचलतात. त्याच तासासाठी ते मूल शाळेत येत असतं. आणि फोनिक्स शिकवायला जो रिकामा सापडेल त्याला बसवतात. दोन्ही केलं तर वर्षभराची मेहनत वाया.

विनय_बी
इंग्रजीबाई, हे पट्टीचं भारतातल्या शाळेतही करायला हवं खरं तर.

इंग्रजीबाई
नक्की करा. बारीक छपाई असेल तर अजूनच.

आकडेमोड
निकाल बघणाऱ्यांसाठी, कारण फसगत इथेच होते.

अकादमी झाली की शाळेला नवीन यूआरएन क्रमांक मिळतो. सरकारच्या शाळा-माहितीच्या साइटवर जुनी शाळा 'क्लोज्ड', नवीन 'ओपन'. निकालांची तुलना करताना जुन्या क्रमांकाचं पान वेगळं उघडावं लागतं, नाहीतर शाळा आकाशातून पडल्यासारखी दिसते. नवीन अकादमीची पहिली ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) तपासणी साधारण तिसऱ्या वर्षी येते. तोवर हातात अधिकृत काही नसतं, फलकावर मात्र बरंच काही.

ऑफस्टेडने एका शब्दातला शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद केला. नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड, वेगवेगळ्या बाबींना पाच पायऱ्यांवर वेगळी श्रेणी. अटेंडन्स आणि वर्तन वेगळं, शिकवणं वेगळं, इन्क्लूजन (सगळ्या मुलांना सामावून घेणं) वेगळं. ते सगळं वाचा, वरवर रंग बघून पान मिटू नका.

प्रोग्रेस ८ : सहावीच्या सॅट्सपासून (प्रायमरीच्या शेवटची राष्ट्रीय चाचणी) जीसीएसईपर्यंत मूल आठ विषयांच्या कप्प्यांत किती पुढे गेलं ते. शून्य म्हणजे देशाची सरासरी, +०.५ म्हणजे दर विषयात अर्धी श्रेणी जास्त. इंग्रजी-गणित दुप्पट धरतात. पण २०२५ आणि २०२६ च्या जीसीएसई तुकड्यांनी कोविडमुळे सॅट्स दिल्याच नाहीत, म्हणून त्या दोन वर्षांचा प्रोग्रेस ८ नाही. शेवटचा २०२४ चा. मधल्या काळात अटेनमेंट ८ (त्याच आठ कप्प्यांतले नुसते गुण, सुरुवात कुठून झाली ते न बघता) दाखवून कोणी 'सुधारलो' म्हणत असेल तर आधी विचारा, येणारी मुलं तीच आहेत का? चांगल्या घरची मुलं यायला लागली तरी अटेनमेंट वाढतं, शिकवणं तेवढंच असलं तरी.

आणि माझी सगळ्यात लाडकी तपासणी : इयर ७ ला १८० मुलं होती, तीच तुकडी इयर ११ ला किती? १७६ असेल तर ठीक. १५५ असेल तर बाकीची कुठे गेली ते विचारायचं. निकालात धरतात ती इयर ११ च्या जानेवारी सेन्ससमध्ये (शाळेच्या पटाची सरकारी गणती) पटावर असलेली मुलं. इयर १० च्या उन्हाळ्यापासून जानेवारीपर्यंत पट कमी होत असेल तर संशयाला जागा आहे.

देवयानी_सेन
आकडेमोड यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. ज्यांच्या मुलांना विशेष गरजा आहेत त्यांनी हे जपून ठेवा.

"तुम्ही त्याला घरीच का शिकवत नाही, म्हणजे एक्स्क्लूजनचा, शाळेतून काढल्याचा, डाग लागणार नाही" असं कोणी म्हणालं तर त्या खोलीत कशावरही सही करायची नाही. पटावरून नाव काढलं की शाळेची जबाबदारी संपली. शाळेच्या फायद्यासाठी पालकांवर दबाव आणून नाव काढणं म्हणजे ऑफरोलिंग, आणि ऑफस्टेड त्याला गंभीर मानते. एक्स्क्लूजनच करायचं असेल तर ते कायद्याने, लेखी करावं लागतं. कायमचं एक्स्क्लूजन झालं तर गव्हर्नरांची बैठक १५ शालेय दिवसांत, त्यांनी कायम ठेवलं तर स्वतंत्र पॅनेलकडे अर्ज करायला पुढे १५ शालेय दिवस. सस्पेन्शन एका वर्षात ४५ शालेय दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. घरी पाठवलं पण नोंद केली नाही, 'आज जरा शांत होऊ दे' म्हणून, तर तेही बेकायदेशीर. ईमेलने विचारा : आजची नोंद कोणत्या कोडने केली?

ईएचसीपीमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी कौन्सिलने केलेला कायदेशीर आराखडा) शाळेचं नाव आलं की अकादमीलाही प्रवेश द्यावाच लागतो. 'आमच्याकडे सोय नाही' हे सल्लामसलतीच्या टप्प्यावर बोलायचं असतं, नाव पडल्यावर नाही.

तक्रार कौन्सिलकडे नेऊन उपयोग होत नाही. आधी अनौपचारिक, मग लेखी, मग पॅनेल. त्या पॅनेलवर किमान तिघे, प्रकरणाशी संबंध नसलेले, त्यातला एक शाळेच्या कारभाराबाहेरचा. त्यानंतर शिक्षण खातं.

शुभा_एमके
देवयानीताई, हे प्रिंट काढून ठेवतेय. तुम्हाला व्यनि केलाय.

देवयानी_सेन
बघते रात्री. काळजी करू नका, मार्ग निघतो.

इतिहासप्रेमी
मॉसबोर्नबद्दल टेम्सकाठ यांच्याशी सहमत. अकादम्या दोन प्रकारच्या, आणि वाद घालताना लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

कल्पना मार्च २००० मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी जाहीर केली, पहिल्या तीन सप्टेंबर २००२ मध्ये उघडल्या : बेक्सली, हॅरिंगे आणि मिडल्सब्रो. तेव्हा हा फक्त पडलेल्या शाळांसाठीचा उपाय होता. प्रायोजक २० लाख पौंडांपर्यंत घालायचा, नवीन इमारत, नवीन मुख्याध्यापक. २०१० च्या कायद्याने दार सगळ्यांना उघडलं आणि आधीच उत्तम चाललेल्या शाळा रांगेने अकादमी झाल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या स्टीफन मेचिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत पहिल्या लाटेतल्या शाळांत सुधारणा दिसली, आणि मूल जितकी वर्षं तिथे राहिलं तितकी जास्त. नंतरच्या आपणहून झालेल्यांत तसं चित्र नाही. साहजिक आहे, ज्यांचं मुळात बरं चाललं होतं त्यांच्यात बदललं काय? लेटरहेड.

२०१४ आधीचे निकाल बघताना अजून एक सावधगिरी. काही व्यावसायिक पात्रता तेव्हा चार-चार जीसीएसईंच्या बरोबरीने मोजल्या जायच्या. अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालानंतर २०१४ च्या तक्त्यांपासून एक म्हणजे एकच, आणि जास्तीत जास्त दोन. कित्येक शाळांचा चढता आलेख त्या वर्षी खाली आला. लंडनच्या शाळांचं श्रेय देताना २००३ ते २०११ चा लंडन चॅलेंजही (शाळा सुधारण्याची सरकारी मोहीम) धरा, टिम ब्रिगहाउस यांचं काम. त्यात कौन्सिलच्या शाळाही तेवढ्याच सुधारल्या.

आणि ट्रस्टच कोसळली तर? २०१७ च्या सप्टेंबरात, वर्ष नुकतंच सुरू झालेलं असताना, वेकफील्ड सिटी अकादमीज ट्रस्टने आपल्या २१ शाळा चालवता येणार नाहीत असं जाहीर केलं. त्या सगळ्या दुसऱ्या ट्रस्टना वाटाव्या लागल्या. मुलांचे शिक्षक तेच राहिले, पण राखीव पैशांवरून वाद पुढे चालूच.

गणितमास्तर
शिक्षकांबद्दल राहिलंच. शाळा ट्रस्टकडे जाताना ट्यूपी (मालक बदलला तरी नोकरीच्या अटी राखणारा कायदा) लागू होतं, म्हणजे जुने शिक्षक जुन्या अटींवर येतात, पेन्शनसकट. नव्या नेमणुका वेगळ्या अटींवर होऊ शकतात. एकाच स्टाफरूममध्ये दोन करार, त्यातून कुरबुर. शहाणी ट्रस्ट राष्ट्रीय वेतनमान ठेवते आणि सूट वापरते ती कमी पडणाऱ्या विषयांत, गणित-भौतिकशास्त्राला थोडं जास्त देऊन.

टाइमटेबलही बघा. इयर ११ ला सगळे चांगले शिक्षक आणि इयर ८ ला सप्लाय (तात्पुरते बदली शिक्षक), असं असेल तर यंदाचा निकाल येईल, तीन वर्षांनी परत खड्डा. सरळ विचारा : इयर ८ च्या गणिताला यंदा किती शिक्षक बदलले?

प्रसाद_स्लाऊ
भारतात जाणाऱ्यांनो, अकादमी स्वतःच्या सुट्ट्या स्वतः ठरवते! काहींना ऑक्टोबरात दोन आठवडे असतात. धाकटा कौन्सिलच्या प्रायमरीत असेल तर दोन्हीचं कॅलेंडर शेजारी ठेवून मगच तिकीट काढा.

गैरहजेरीचा दंड ऑगस्ट २०२४ पासून देशभर एकच. प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड २१ दिवसांत, नाहीतर १६० पौंड २८ दिवसांत. दहा आठवड्यांत १० सेशन, म्हणजे पाच दिवस, विनापरवाना झाले की विचार होतो. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०.

अनघा_रेडिंग
आणि दिवाळी?

प्रसाद_स्लाऊ
सणाच्या त्या दिवसाला 'आर' कोड, धार्मिक कारण. आधी लेखी कळवायचं. लक्ष्मीपूजनाचा एक दिवस बहुतेक सगळे देतात, भाऊबिजेपर्यंत नाही.

विनय_बी
अवांतर अजून एक, मराठीची जीसीएसई आहे का हो? गुजरातीची आहे असं ऐकलं.

इंग्रजीबाई
मराठीची नाही. गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली आहेत. परीक्षा मंडळं विद्यार्थीसंख्या बघतात.

टेम्सकाठ
अनघा, तुमच्या अर्जाचं : कौन्सिलचा फॉर्म एकच असतो, पण काही अकादम्यांना वरून स्वतःचा पुरवणी फॉर्म लागतो, तो थेट शाळेकडे द्यायचा. तो राहिला तर पात्र असूनही मागे जाता. बँडिंग (चाचणीवरून मुलांचे क्षमतेनुसार गट पाडणं) असेल, हॅकनीत बऱ्याच शाळांत आहे, तर चाचणीला बसवा. प्रत्येक बँडमधून ठरावीक जागा भरतात, त्यामुळे वरचा बँड मिळाला म्हणून फायदा नाही, क्लास लावू नका. न बसलेल्यांचा विचार बहुतेक ठिकाणी शेवटी होतो. चाचणीची नोंदणी ३१ ऑक्टोबरच्या बरीच आधी बंद होते, आजच शाळेच्या पानावर तारीख बघा.

अनघा_रेडिंग
पुरवणी फॉर्मचं माहीतच नव्हतं. आत्ता बघते.